विषाणूचे कवच आणि वाण्याचा हिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकासाठी लेख द्यायचा म्हणजे तो बँकांवर, करांवर किंवा फार तर सहकारी साखर कारखान्यावर असावा, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. मी विषाणूवर लिहितो आहे असे कन्नड विभाग पाहणाऱ्या मित्राला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "निनग याक बेको इदु?" तुला कशाला रे हे हवे? प्रश्न रास्त आहे. विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला, आणि तोही मराठी माध्यमातला. प्रथिन, रेणू, केंद्रक हे माझ्या ओळखीचे शब्द. त्यांची इंग्रजी नावे मला कॉलेजात आल्यावर भेटली. त्यामुळे इंग्रजी लेख वाचताना प्रत्येक शब्द मनात मराठीत फिरवून घ्यावा लागतो. वेळ जातो खरा, पण फिरवताना एक कळते: शब्द आपल्याला समजला आहे, की नुसता ऐकून सवयीचा झाला आहे.

'कॅप्सिड' या शब्दापाशी मी असाच अडलो. शेवटी त्याला 'कवच' म्हणायचे ठरवले. कन्नडमध्येही कवचच म्हणतात, तेव्हा निदान या एका शब्दापुरते आमच्या अंकाच्या दोन विभागांचे एकमत आहे.

या विषयाकडे मी वळलो तो भावाच्या रकान्यातून. संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ मी औषधांच्या एका घाऊक दुकानात हिशेब लिहितो. मालाचे नाव, बॅच, एक्सपायरी, नग, दर. जून २०२५ मध्ये बातमी वाचली, की लेनाकापावीर नावाच्या इंजेक्शनला अमेरिकेत एच.आय.व्ही.च्या प्रतिबंधासाठी मान्यता मिळाली. सहा महिन्यांतून एकदा टोचायचे, आणि वर्षाची छापील किंमत २८,२१८ डॉलर. त्या वेळच्या दराने सुमारे चोवीस लाख रुपये. त्याच वर्षी सप्टेंबरात दुसरी बातमी आली, की हेच औषध २०२७ पासून शंभरावर गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत वर्षाला ४० डॉलरला मिळेल. साडेतीन हजार रुपये! मी भागाकार केला. सातशे पट. एकाच मालाचे असे दोन दर माझ्या वहीत निघाले असते, तर आमच्या मालकांनी मला त्याच दिवशी घरी पाठवले असते.

दुसरे कारण अण्णा. आमच्या नात्यातले एक गृहस्थ आहेत. नाते सांगत नाही. 'अण्णा' हे त्यांचे नाव नव्हे, आणि सीमाभागात दर तिसऱ्या घरी एक अण्णा असल्यामुळे शोधूनही कोणाला सापडणार नाहीत. ते लॉरीवर असत. बारा वर्षांपूर्वी त्यांना एच.आय.व्ही.ची लागण असल्याचे कळले. आपल्या देशात या रोगाची औषधे सरकारी केंद्रांतून २००४ पासून फुकट मिळतात. अण्णांनाही मिळतात. पण ती आणायला ते जवळचे केंद्र सोडून पार दुसऱ्या जिल्ह्यात जातात, कारण जवळच्या रांगेत ओळखीचे कोणी भेटायचे! आता तीन औषधे एकाच गोळीत असतात. रात्री जेवणानंतर एक. बाटलीवरचे लेबल ते नखाने खरवडून काढतात, उपचाराचे पुस्तक लॉरीच्या विम्याच्या आणि परमिटच्या कागदांत ठेवतात. त्यांच्या मंडळींना सर्व ठाऊक आहे. घरात दुसऱ्या कोणालाही नाही. मला कळले ते औषधांच्या दुकानात काम करतो म्हणून. गोळीच्या आकारावरून आणि बाटलीवरून मी ओळखले, आणि त्यांनीही मग लपवले नाही. एकदा घरात लग्न होते. पाहुण्यांनी घर भरलेले, ट्रंक उघडायला म्हणून एकांत नाही. सलग सहा दिवस गोळी राहिली. तेव्हा ते मला म्हणाले होते, "गोळी गिळायला काय लागतंय रे, लपवायलाच सगळा दिस जातोय बघ."

हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे दक्षिण आफ्रिकेत त्याचे काम पडणार आहे.

आता कवचाकडे. एच.आय.व्ही. आपल्या पेशीत शिरतो तेव्हा त्याच्याजवळ भांडवल फार थोडे असते: आर.एन.ए.चे दोन धागे आणि मोजकी विकरे. हे भांडवल एका शंकूच्या आकाराच्या डबीत भरलेले असते. डबीची लांबी सुमारे १२० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये अशा आठ हजार डब्या ओळीने मावतील. ही डबी म्हणजे कॅप्सिड. ती एकाच जातीच्या प्रथिनाच्या सुमारे १,५०० नगांनी बांधलेली असते; प्रत्येक नगात २३१ अमिनो आम्ले. नग सहा-सहांच्या गटाने षट्कोन करतात, आणि अशा सुमारे अडीचशे षट्कोनांची जाळी होते. पण नुसत्या षट्कोनांनी फरशी होते, डबी होत नाही. फरशी वळवून तोंड बंद करायचे तर मधूनमधून पंचकोन घालावे लागतात, आणि ते नेमके बारा. अकरा नाहीत, तेरा नाहीत. फुटबॉलवर काळे पंचकोन मोजून पाहावेत, तेही बाराच भरतात. विषाणू हे बारा असे वाटतो की सात रुंद टोकाला आणि पाच निमुळत्या टोकाला. म्हणून चेंडू न होता शंकू होतो. गणिताचे शिक्षक हसतील, पण ऑयलरचा हा नियम मला विषाणूकडून समजला.

हे चित्र एका दिवसात दिसले नाही. अमेरिकेतील युटा विद्यापीठात वेस्ली संडक्विस्ट आणि त्यांचे सहकारी नव्वदीच्या दशकापासून या प्रथिनाच्या मागे होते. १९९६ च्या सुमारास प्रथिनाच्या तुकड्यांची रचना कळली, १९९९ मध्ये शंकूच्या भूमितीचा उलगडा झाला. पैसा बव्हंशी सरकारी होता. त्या काळी एच.आय.व्ही.वर जी औषधे येत होती ती सगळी विषाणूच्या विकरांवर. १९८७ चे ए.झेड.टी. एका विकरावर, १९९५ नंतरची औषधे दुसऱ्या विकरावर. विकर म्हणजे कारागीर. त्याच्या हातात खिळा अडकवला की काम थांबते. कॅप्सिडचे प्रथिन कारागीर नव्हे, ते विटेसारखे आहे. विटेच्या हातात काय अडकवणार? शिवाय वर्षानुवर्षे असे समजले जात होते, की विषाणू पेशीत शिरला की कवच उंबऱ्यातच चपलेसारखे काढून ठेवतो. काढून ठेवलेल्या चपलेवर औषध शोधण्यात पैसा कोण घालील?

ही समजूत हळूहळू खोटी ठरली. २०२० आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले, की कवच पुष्कळदा अखंडच पेशीच्या केंद्रकापर्यंत जाते, केंद्रकाच्या छिद्रातून आत सरकते आणि आत गेल्यावर फुटते. शंकूची रुंदी साठ नॅनोमीटर, छिद्रही त्याच मापाचे. वाटेत पेशीचे पहारेकरी असतात. परका डी.एन.ए. दिसला की ते बोंब ठोकतात. कवचामुळे त्यांना आतले काही दिसत नाही. छिद्रातून आत जाताना विषाणू पेशीच्याच काही प्रथिनांचा हात धरतो, आणि तो हात धरण्याची जागा कवचावर असते, दोन शेजारी विटांच्या सांध्यातल्या एका खोबणीत.

तेव्हा या कवचाचे काम अवघड आहे. ते मजबूत असावे, पण कायमचे नव्हे. लवकर फुटले तर पहारेकरी पकडतात, उशिरा फुटले तर माल आतच राहतो. अशा कात्रीत सापडलेल्या प्रथिनाला बदलायला फारसा वाव राहत नाही. २०१३ मध्ये संशोधकांनी यातील एकेक अमिनो आम्ल बदलून पाहिले. सुमारे ७० टक्के बदलांनंतर विषाणू निकामी झाला. एच.आय.व्ही.ची सारी चलाखी वेष पालटण्यात आहे, आणि नेमके या एका कपड्याला त्याला फारसे हात लावता येत नाहीत. औषध शोधणाऱ्याला याहून बरी जागा कोणती?

येथे एक थोडे विषयांतर. हे कवच टिकून राहते ते आपल्याच पेशीतील एका लहान रेणूच्या आधारावर, असे २०१८ मध्ये आढळले. तो रेणू म्हणजे फायटिक आम्ल. धान्याच्या कोंड्यात असते तेच. म्हणून कोणी ज्वारीची भाकरी सोडू नये. हा रेणू आपल्या पेशी स्वतःच बनवतात, जेवणाचा येथे काही संबंध नाही.

त्या खोबणीत बसेल असा रेणू करण्याचा प्रयत्न प्रथम फायझर कंपनीच्या संशोधकांनी केला. २०१० मध्ये त्यांचा पीएफ-७४ नावाचा रेणू प्रसिद्ध झाला. खोबण त्याने बरोबर ओळखली, पण तो शरीरात टिकेना आणि फार मोठ्या प्रमाणात लागे. मग गिलियड कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी अनेक वर्षे रेणूमागून रेणू करून त्याच खोबणीत घट्ट बसणारा एक घडवला आणि २०२० मध्ये 'नेचर'मध्ये त्याची माहिती दिली. तेच लेनाकापावीर. रेणू चांगला थोरला आहे, त्यात फ्लोरिनचेच दहा अणू. तो दोन विटांच्या सांध्यात पाचरीसारखा बसतो. एकतर पेशीच्या प्रथिनांना हात धरायला जागा राहत नाही. दुसरे, जाळी ताठ होते आणि ताठ झाल्यामुळे तडकते. तिसरे, नव्या विषाणूंची कवचे बांधली जात असतील तर ती वाकडीतिकडी होतात. कर्णाचे कवच इंद्राने मागून नेले, ही आपल्याकडची गोष्ट. येथे कवच कोणी काढून घेत नाही. ते अंगावरच राहते, पण त्याची लवचिकता जाते, आणि कर्णाला हलता येत नाही.

मला या सगळ्यात अधिक गंमत वाटली ती रेणूच्या एका दुर्गुणाची. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि शरीर त्याला लवकर बाहेर टाकू शकत नाही. रोज घ्यायच्या गोळीसाठी असला माल वाईट. पण पोटाच्या कातडीखाली टोचला तर तो तेथे साठून राहतो आणि पेन्शनसारखा थोडा थोडा रक्तात येत राहतो. अगदी थोडा पुरतो. म्हणून एका वेळी दीड-दीड मिलिलिटरची दोन इंजेक्शने, त्यांत मिळून ९२७ मिलिग्रॅम औषध. पहिल्या खेपेला दोन दिवस गोळ्या. मग सव्वीस आठवडे निवांत. टोचल्या जागी गाठ येते, ती कित्येक दिवस हाताला लागते. याहून मोठा धोका असा, की ज्याला आधीच लागण आहे त्याला हे एकटे दिले तर विषाणू यावरही वाट काढू शकतो. म्हणून उपचारासाठी ते दुसऱ्या औषधांच्या जोडीनेच द्यायचे. अमेरिकेत २०२२ च्या डिसेंबरात पहिली मान्यता मिळाली ती अशाच रुग्णांसाठी, ज्यांच्यावर जुनी औषधे चालेनाशी झाली होती. एकटे द्यायचे ते फक्त लागण नसलेल्याला, लागण होऊ नये म्हणून, आणि तेही रक्त तपासून.

या दुसऱ्या कामासाठी जी चाचणी झाली, तिथे अण्णांचे वाक्य येते.

दक्षिण आफ्रिका आणि युगांडातील १६ ते २५ वर्षांच्या ५,३३८ मुली आणि तरुण स्त्रिया. म्हणजे माझ्या वर्गातल्या मुलींच्या वयाच्या. २,१३४ जणींना इंजेक्शन मिळाले, २,१३६ जणींना एक नवी प्रतिबंधक गोळी आणि १,०६८ जणींना जुनी गोळी. २०२४ च्या जूनमध्ये आकडे पाहून चाचणी ठरल्यापेक्षा आधीच थांबवली आणि सर्वांना इंजेक्शन देऊ केले. जुन्या गोळीच्या गटात १६ जणींना लागण झाली होती, नव्या गोळीच्या गटात ३९ जणींना. इंजेक्शनच्या गटात शून्य.

आमच्याकडे ताळेबंदात शून्य आले की शिक्षक पुन्हा बेरीज करायला लावतात. मीही तो तक्ता तीनदा वाचला. मग त्याखालची माहिती वाचली, आणि शून्यापेक्षा तीच अधिक मनात राहिली. रक्त तपासले तेव्हा गोळीच्या गटातील बहुतेकींच्या रक्तात औषध पुरेसे नव्हते. गोळी वाईट नव्हती. नेमाने घेणाऱ्याचे ती चांगले रक्षण करते. तिथे ती घेतलीच जात नव्हती. का, हे मला कोणी सांगायला नको. बाटली कुठे ठेवायची? सासूने विचारले तर काय सांगायचे? नवऱ्याने विचारले तर? रोग नसताना रोगाची गोळी घरात सापडली, तर रोग नाही हे पटवायचे कसे? अण्णा पुरुष आहेत, लॉरीचे मालक आहेत, त्यांची ट्रंक त्यांच्या हुकमाशिवाय कोणी उघडत नाही. तरी सहा दिवस गेले. ज्या मुलीला ट्रंकच नाही, तिचे काय?

आमच्या जिल्ह्यात सौंदत्ती आहे. देवदासी वाहण्याची चाल बंद करण्याचा कायदा कर्नाटकात १९८२ साली झाला; चाल कायद्यापाठोपाठ ताबडतोब थांबली नाही, आणि त्या बायकांनी या रोगाचे जे सोसले ते येथे जुन्या माणसांना माहीत आहे. तेव्हा ही आफ्रिकेची गोष्ट आहे असे म्हणून पान उलटू नये.

आता पुन्हा माझ्या वहीकडे, कारण उरलेला भाग माझ्या शाखेचा आहे. अण्णांच्या गोळीत तीन औषधे मिळून ६५० मिलिग्रॅम असतात. वर्षाचे झाले सुमारे २३७ ग्रॅम, जवळपास पाव किलो. इंजेक्शनचे औषध वर्षाला १,८५४ मिलिग्रॅम. सराफाच्या भाषेत दोन मासेही भरत नाहीत. रेणू करायला कठीण आणि कच्चा माल महाग असला, तरी लागतो तो एवढाच. लिव्हरपूल विद्यापीठातील अँड्र्यू हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये हा हिशेब मांडला: एक कोटी लोकांना पुरेल इतका माल निघाला तर नफा धरून वर्षाला सुमारे ४० डॉलर. त्या वेळी हा आकडा पुष्कळांना कागदी वाटला असेल. सव्वा वर्षात हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या दोन कंपन्यांच्या मालासाठी, बाहेरच्या संस्थांच्या मदतीने, तोच आकडा जाहीर झाला. सुरुवातीच्या गोळ्यांचा खर्च वेगळा. दिवसाचे दहा रुपयेही पडत नाहीत. आमच्या कॉलेजबाहेर तेवढ्यात चहा मिळतो.

हैदराबादचेच नाव का यावे, याला इतिहास आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर पेटंट देणे आपण बंद केले, फक्त करण्याच्या कृतीवर ठेवले. दुसरी कृती शोधा आणि तोच पदार्थ करा. या सवलतीवर आपले औषधी कारखाने वाढले. २००१ मध्ये एच.आय.व्ही.ची तीन औषधे परदेशात वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलरला पडत होती, तेव्हा मुंबईच्या सिप्लाचे युसूफ हमीद यांनी ती ३५० डॉलरला देऊ केली आणि जगाचा भाव कोसळला. २००५ पासून पदार्थाचे पेटंट आपल्याकडेही परत आले. म्हणून आज मूळ कंपनीची परवानगी लागते. गिलियडने २ ऑक्टोबर २०२४ रोजी सहा कंपन्यांना ती दिली, रॉयल्टी न घेता, १२० देशांत विकण्यासाठी. या सहांत पुण्याची एमक्युअरही आहे. भारत त्या १२० देशांत आहे.

कंपनीच्या बाजूने बोलायचे तर, फुकट गेलेल्या रेणूंचा खर्चही लागलेल्या रेणूवरच काढावा लागतो, हे आम्हाला दुसऱ्याच वर्षी शिकवतात. ते खरे आहे. पण त्या खर्चात युटातील वीस-पंचवीस वर्षांचा सरकारी पैसा धरलेला नसतो, हेही खरे आहे. मला खटकते ते यापेक्षा साधे आहे. पुरुषांवर आणि तृतीयपंथीयांवर जी दुसरी मोठी चाचणी झाली ती ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको आणि पेरू या देशांतही झाली. तेथील लोकांनी पोट पुढे केले, सुया घेतल्या, रक्त दिले. परवान्यातील १२० देशांच्या यादीत हे चारही देश नाहीत. सभासदाचे भागभांडवल घेतले आणि लाभांशाच्या वेळी त्याचे नाव वगळले, असे आपल्या एखाद्या सोसायटीत झाले असते तर वार्षिक सभा दुपारपर्यंतही चालली नसती.

आणि ४० डॉलरचा भाव आपोआप उतरत नाही. तो मागणीवर बेतला आहे. कोणीतरी, म्हणजे सरकारांनी, आधी मोठी खरेदी कबूल करायची, मग कारखान्याने मोठी भट्टी लावायची. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२५ मध्ये या इंजेक्शनची शिफारस केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात एस्वातिनी आणि झांबिया या देशांत पहिला माल पोचला. आपल्याकडे फुकट उपचाराला २००४ साल उजाडले होते, सिप्लाचा स्वस्त भाव जाहीर झाल्यानंतर तीन वर्षांनी. माल आपला, भाव आपला, आणि वाट पाहणारेही आपलेच.

हे सगळे मी अण्णांना सांगितले. लेखात त्यांचा उल्लेख करू का, हे विचारायलाच गेलो होतो. हे इंजेक्शन तुमच्यासाठी नव्हे, हेही सांगितले. त्यांची गोळी उत्तम चालली आहे, रक्तात विषाणू सापडत नाही इतका दबला आहे, आणि असा दबलेला विषाणू मंडळींना लागत नाही. त्यांनी शंकू, बारा पंचकोन, सातशे पट, सगळे शांतपणे ऐकून घेतले. परवानगी दिली. मग म्हणाले, "आमचं झालं रे. आमच्या लाइनवरची पोरं आहेत, क्लीनर, विशीतली. त्यांना बरं पडंल." थोडा वेळ गेला.

"पर टोचल्यावर कागद देतात काय रे हातात? त्यो घरी न्यायला लागतोय?"